ट्रॉलीवरचा मजला

"असं चालत नाही" हे वाक्य जमनाबाई चव्हाणांसमोर उच्चारायचं नसतं. उच्चारलंच, तर पुढचा सवाल ठरलेला असतो. "कागद दाखवा."

मागे त्यांचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ठेचा बंद. जमनाबाई म्हणाल्या, "कागद दाखवा." डॉक्टर साधा माणूस. त्यानं चिठ्ठीवर खरंच 'ठेचा बंद' असं लिहून दिलं. जमनाबाईंनी चष्मा लावून ती वाचली, उलटून पाहिली आणि परत दिली. "सही हाय. जावक नंबर कुठी हाय?" मग घरी येऊन ठेच्यासोबत भाकर खाल्ली. अर्धी भाकर मला मिळाली, म्हणून ठामपणे सांगतो.

जमनाबाई एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळायच्या. जन्म पुसदकडच्या एका तांड्यातला, नोकरी यवतमाळात, घर लोहाऱ्याच्या बाजूला आमच्या कॉलनीत, माझ्या घराला लागून. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. मुलगा पुण्यात. नवऱ्याच्या मागे एक जुनी जीप, एक छोटी दोनचाकी ट्रॉली आणि बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेलं शेत राहिलं. जीप त्या स्वतः चालवतात. बाईनं या वयात जीप चालवू नये, असं एकदा मीच म्हणालो होतो. मीसुद्धा कागद दाखवू शकलो नाही.

एका सकाळी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारली. "सर, मले ट्रॉलीवर तंबू टाकाचा हाय."

"ट्रॉलीत?"

"ट्रॉलीत कायले? ट्रॉलीत सामान राहीन. ट्रॉलीच्या वरतं एक मजला, त्या मजल्यावर तंबू, तंबूत मी." त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यात कुठल्याशा परदेशी डोंगरात एक गोरा माणूस मोटारीच्या टपावर तंबू उघडून मजेत चहा पीत होता. "पाहा, टपावर राह्यला का नाही? त्याले कोनी इचारलं?"

"पण ताई, तुम्हाला घर आहे की."

"त्यालेही असंन."

मी मराठी शिकवतो. माझा लोखंडाशी संबंध चावीपुरता. तरी टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं, म्हणून त्या आठवड्यात मी अन्वरभाईंच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पोचलो. अन्वरभाई औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी गेट, ग्रिल, कूलरचे स्टँड असं काहीबाही बनवतात. त्यांनी ट्रॉलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सोपं काम हाय ताई. चार पाय उभे करतो, वरून चौकट, मस्त वेल्डिंग मारून देतो. सात जन्म हलनार नाही."

"मले याच जन्मी काढाचा हाय," जमनाबाई म्हणाल्या. "बटईवाल्याले ट्रॉली लागते. सोयाबीन काय तंबूत भरू? लावता आलं पायजे, काढता आलं पायजे, अन् थेही मले एकटीले."

"काढता येनारी चीज हलते ताई. वेल्डिंगच लागते."

"कोनी सांगतलं? कागद दाखवा."

अन्वरभाईंनी वेल्डिंगच्या काळ्या काचेआडून माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळत बसलो.

शेवटी ठरलं ते असं. ट्रॉलीच्या चारी कोपऱ्यांना जाड चौकोनी पाइपचे तुकडे उभे पक्के करायचे. त्यांच्या आत बसतील असे बारीक पाइपचे पाय. दोन्हींतून आरपार भोक आणि भोकात खिट्टी. चार खिट्ट्या ओढल्या की पाय मोकळे. वर लोखंडी चौकट आणि प्लायवूडच्या दोन फळ्या. पाय लांब ठेवले तर वळणावर सगळंच कलंडेल, म्हणून अन्वरभाईंनी ते छातीच्या उंचीवर छाटले. त्यावर जमनाबाईंनी काहीच हरकत घेतली नाही. खऱ्या कारणापुढे त्या कागद मागत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा सगळं खडखड वाजलं. बाजूच्या चहावाल्यानं मिरवणूक आली समजून बाहेर डोकावून पाहिलं. अन्वरभाई म्हणाले, "बोललो होतो ना." जमनाबाईंनी टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले, पायांना गुंडाळले आणि पाय परत खाली ठोकले. आवाज बंद. मग दोन तिरप्या पट्ट्या लावल्या, तेव्हा हलणंही थांबलं. अन्वरभाईंनी कौतुक केलं नाही, फक्त बाईंना न विचारता चहा मागवला.

वजनाच्या चाचणीला मात्र मला बळी दिलं गेलं. ट्रॉली जीपपासून सोडलेली होती. मी आणि अन्वरभाई शिडीनं मागच्या बाजूनं वर चढलो. आम्ही दोघं नीट मांडी घालून बसतो न बसतो तोच ट्रॉलीचा पुढचा दांडा आभाळाकडे उठला आणि मागची बाजू जमिनीला टेकली. मी अन्वरभाईंच्या पोटावरून घसरत थेट लोखंडाच्या भुशात जाऊन बसलो. जमनाबाई डायरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला लागलं का विचारण्याआधी एक ओळ लिहिली. नंतर मी ती वाचली. 'मागून टेकू पाहिजेत. दोन.'

टेकू आले. ट्रॉली कॉलनीत आली. तंबू उघडला तेव्हा आमच्या गल्लीतली सगळी पोरं जमली आणि पोरांच्या मागून सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी मजल्याकडे बोट दाखवलं. "ताई, वाढीव बांधकामाला सोसायटीची परवानगी लागते."

"चाकं असलेल्या बांधकामाले? कागद दाखवा."

आणि काय सांगू, या माणसानं कागद आणला! छापील नियमावली. डॉक्टरची ती चिठ्ठी सोडली, तर इतक्या वर्षांत जमनाबाईंना कुणी प्रथमच कागद दाखवत होतं. पोरं पुढं सरकली. त्या तिथंच टेकूजवळ खुर्ची घेऊन बसल्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नियमावली वाचली. सेक्रेटरी उन्हात उभे. मग त्या उठल्या, तंबू गुंडाळला, पट्ट्या सोडल्या, चार खिट्ट्या ओढल्या, फळ्या आणि चौकट उतरवली, मला हाक न मारता पाय एकेक करून उपसले आणि भिंतीला टेकवून ठेवले. खाली साधी ट्रॉली उरली.

"कुठी हाय बांधकाम?" जमनाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजला परत उभा होता. सेक्रेटरी पुढच्या गल्लीनं दूध आणायला जाऊ लागले.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. तो स्पीकरवर होता, त्यामुळे माझाही नाइलाज झाला. "आई, घर असून बाहेर झोपतेस. लोक काय म्हणतील?"

"म्या जिंदगीभर आवक सांभाळली," त्या म्हणाल्या. "लोकायचं म्हननं आवकमधी घेत नसतात."

एवढा आटापिटा कशासाठी, हे मात्र मला कळत नव्हतं. हौस म्हणावी तर बाईंना हिंडायची हौस नव्हती. नवरा गेल्यावर एकदा तांड्यावर जाऊन आल्या, तेव्हापासून त्या एक रात्रही घराबाहेर राहिल्या नव्हत्या. लग्नाला गेल्या तरी जेवून शेवटच्या बसनं परत. म्हणून त्यांनी "उद्या पुसदकडं चालली, लहान्या बहिणीकडं. तुमी चाला," असं सांगितलं, तेव्हा मी कॉलेजात रजा टाकली.

अन्वरभाई आपणहून आले. "माझं काम हाय. रस्त्यात सुटलं तं नाव कोनाचं जाईन?" ते मागच्या सीटवर पाना घेऊन उलटे बसले आणि दारव्ह्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला "या अल्ला" म्हणत राहिले. काहीही सुटलं नाही. दिग्रसला चहा घेतला तेव्हा ते थोडे नाराजच दिसले.

दिग्रस सोडल्यावर अन्वरभाईंना डुलकी लागली. जमनाबाई रस्त्याकडे पाहत एकदम बोलायला लागल्या.

"हे गेले ना सर, तवा मी कासूकडं गेलती. कासू म्हन्जे माही लहानी बहीण. घरात एकटीनं झोप लागे ना. म्हटलं, राहू महिनाभर. तिसऱ्या दिवशी दुपारी मी न्हानीत होती. कासूची सून तिले इचारून राह्यली, मावशी कवा जाईन?"

अन्वरभाई झोपलेत ना, हे मी मागे वळून पाहिलं.

"सुनेचं मले काई वाटलं नाई. लेकरू हाय, घर लहान हाय. मी वाट पाहून राह्यलती, कासू काय म्हन्ते. पानी बंद करून आयकलं. कासू काहीच नाई बोलली." त्यांनी गिअर बदलला. "मी बाहीर आली, केस इंचरले, थैली उचलली. कासू म्हने, जेवून जा. राहून जा नाई म्हनली, जेवून जा म्हनली. मंग मी ठरोलं. आता कोनाच्या घरी झोपाले जागा मागाची नाई. जाईन तं आपली जागा घेऊन जाईन."



तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जमनाबाईंनी कासूच्या घरासमोरच्या मोकळ्या अंगणात ट्रॉली लावली, टेकू दिले, तंबू उघडला. लहान पोरं, कोंबड्या, शेजारणी, सगळे जमले. सून दारात आली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती की शरम, मला सांगता येणार नाही.

"मावशी, घरात या ना. बाहीर काहून?"

"चहा घरात पिईन," जमनाबाई म्हणाल्या. "झोपाची जागा माही माह्यासंग हाय. तू भेऊ नको माय. परवा चालली मी, तुले इचारा लागनार नाई."

सून खाली बघत आत गेली. चहा आला, चांगला आला. कासू मात्र बाहेर आली नाही. जमनाबाईंनी दोनदा दाराकडे पाहिलं, मग ताठ मानेनं शिडी चढून तंबूत गेल्या आणि पाठ आमच्याकडे करून अंथरूण घालायला लागल्या. झाडून झालेली चादर त्या पुन्हा पुन्हा झाडत होत्या. मी आणि अन्वरभाई रिकामे कप घेऊन उभे. मला वाटलं, एवढं लोखंड आपण उगाच वाहून आणलं.

दिवे लागायच्या वेळेला कासू आली. जमनाबाईंपेक्षा ठेंगणी, अंगानं दुप्पट. काखेत उशी. ती आमच्याकडे न पाहता शिडीजवळ गेली, वर पाहिलं आणि गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत. जमनाबाई वळल्या नाहीत. कासू पुन्हा तेच म्हणाली, या वेळी रडत. मग तिनं उशी वर फेकली आणि शिडीवर पाय ठेवला. शिडी करकरली.

अन्वरभाई घाबरून पुढे झाले. "ताई, अडीच फुटाचं माप हाय! एका मानसाचं बनवून घेतलं तुमी!"

"राहू द्या भाई," जमनाबाई म्हणाल्या आणि कडेला सरकल्या.