लाल कुंड्यांचा जादा तास

चौतीस वर्षं मी मास्तरकी केली, पण तपासणीला आलेल्या एकाही साहेबाला माझ्या वर्गात कच्चं पोर सापडलं नाही. शंभर टक्के! हे मी सगळ्यांना सांगतो. दंतवैद्याला, दूधवाल्याला, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा! त्यामुळे दोन महिन्यांसाठी जंगलात जाताना लेकीनं तिच्या चाळीस कुंड्या माझ्या हवाली केल्या, तेव्हा मी म्हटलं, "निर्धास्त जा. चाळीस म्हणजे एक वर्ग!"

आमची लेक वनस्पतींची संशोधक आहे. (विषय निघाला म्हणून सांगतो. विषय मीच काढतो, ती गोष्ट वेगळी.) बाहेरून आलेलं एक आगाऊ झुडूप जंगलं कसं बळकावतं, यावर तिचं काम. ते झुडूप मातीतली बुरशी मारतं. ही बुरशी म्हणजे इथल्या झाडांची अन्नदाती, मुळांना बिलगून त्यांना खाऊपिऊ घालणारी! ती गेली की रोपं उपाशी. हे सिद्ध करायला वीस निळ्या कुंड्यांत चांगली माती, वीस लाल कुंड्यांत झुडपानं नासवलेली माती, आणि सगळ्यांत एकाच झाडाची रोपं. दोन वर्षांच्या कामाचा शेवटचा पुरावा आमच्या गच्चीवर होता आणि तो बघायला परीक्षक येणार होते.

"बाबा, फक्त पाणी. मोजून अर्धा पेला. बाकी कशाला हात लावायचा नाही!"

"मला काय कळत नाही का?"

मी लगेच हजेरीपुस्तक सुरू केलं. रोज सकाळी प्रत्येक रोपाची उंची, पट्टीनं मोजून, तारीखवार! निळी रोपं तरारली. लाल मात्र पिवळी पडून मान टाकून बसलेली. तीन आठवडे मी कळ काढली. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. कच्चं पोर हुशार पोराशेजारी बसवलं की सुधारतं, हा माझा अनुभव! मी चहाचा चमचा घेतला आणि निळ्या कुंडीतली एकेक चमचा माती लाल कुंडीत घातली. जादा तासच म्हणा ना! पाच रोपं मात्र हाताबाहेर गेलेली. त्यांची मी पाण्याच्या टाकीमागे सोय केली.

महिन्याभरात लाल कुंड्यांनी अशी उचल खाल्ली की विचारू नका!

लेकीचा फोन आला. रेंजसाठी बिचारी टेकडी चढून बोलत होती.

"बाबा, लाल कशी आहेत?"

"झकास!"

"अहो, लाल विचारतेय मी! ती वाढायला नकोत!"

"हा दुजाभाव बरा नाही हं. सगळी पोरं सारखी!"

तिनं फोनच ठेवला. मला वाटलं, पोर गहिवरली. पोरीनं तर टेकडीवरूनच तिच्या गुरुबाईंना कळवलं की आपला सगळा सिद्धान्तच चुकला! गुरुबाईंनी परीक्षकांनाही फोनवर तसं सांगून टाकलं.

लेक परतली ती थेट गच्चीवर. लालांकडे बघून तिनं तिथेच बसकण मारली. "दोन वर्षं फुकट गेली, बाबा." तिच्या डोळ्यांत पाणी! मग तिनं एक रोप उपटलं, मुळं धुतली आणि खाली नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"या मातीत बुरशी आलीच कुठून?"

"ते मला माहीत नाही," आमची ही म्हणाली, "पण माझा चहाचा चमचा कुंड्यांमागे सापडलाय. मातीनं माखलेला!"

मी सगळं कबूल केलं. लेकीनं कपाळाला हात लावला. "वीसच्या वीस कुंड्यांना घातलीत?"

"पंधरा. पाच टाकीमागे आहेत. पाणी मात्र रोज घातलंय हं!"

ती धावली. पाचही रोपं जिवंत, पण तशीच खुरटलेली! मग तिनं हजेरीपुस्तक उघडलं. तीन आठवडे सगळी लाल रोपं उपाशी, आणि चमचा पडल्यानंतर पंधरा वर!

"बाबा!" तिनं मला मिठीच मारली. "माझं म्हणणं बरोबर होतं! आणि चमचाभर मातीनं रोपं सावरतात, हा तर पुढचा प्रयोग झाला! नीट, पहिल्यापासून करायला हवा, पण झाला!"

परीक्षकांना पुन्हा फोन गेला आणि ते आले. चहा घेताना मी त्यांना माझे शंभर टक्के ऐकवले. ते हजेरीपुस्तक चाळून म्हणाले, "उत्तम नोंदी! पण सर, ही पाच रोपं टाकीमागे का ठेवली होती?"

"तुम्ही येणार होतात ना, म्हणून!" मी बोलून गेलो.

सगळे माझ्याकडे बघू लागले. ही चहाची किटली खाली ठेवत म्हणाली, "असं होय! तपासणीच्या दिवशी पाच पोरं शाळेच्या बागेला पाणी का घालत असायची, ते आज कळलं!"

लेक पास झाली. आता मी लिफ्टमध्ये फक्त तिच्याबद्दल सांगतो. माझ्या वर्गाचं कोणी विचारलंच, तर चाळिसातली पाच वजा करून साडेसत्त्याऐंशी टक्के म्हणतो आणि एक मजला आधीच उतरतो.