झोपायला गेले होते मळ्यात

सहल कशी ठरवावी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! माझ्या सहलीत गाडी चुकत नाही, खोली गळकी निघत नाही, आणि भर दुपारी 'आता जेवायचं कुठं' म्हणत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. म्हणून दिग्विजय, म्हणजे माझा नवरा, जेव्हा म्हणाला, "दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊया की," तेव्हा मी लगेच सूत्रं हातात घेतली.

"समुद्र?" त्यानं विचारलं.

"नको. वाळू रुंजीच्या तोंडात जाते."

"मग किल्ला?"

"रुंजीला कडेवर घेऊन कोण चढणार?"

"मग तुला बघायचंय तरी काय?"

"काहीच बघायचं नाही. मला झोपायचंय!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "झोपायला घर हाय की, उत्कर्षा!"

घर आहे. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, गल्लीच्या तोंडाशी, खाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान. तिथं दिवसभर बंद पडलेले मिक्सर सुरू करून बघतात. आणि घरात रुंजी आहे, वर्षाची व्हायला आलेली. रुंजी झाल्यापासून मी आडवी होते, पण झोपत नाही. माझी झोप म्हणजे आमच्या गल्लीतला नळ! आधी खाकरतो, मग चार थेंब टाकतो, आणि बादली लावायला गेलं की जातो. लेकीवर माझा राग नाही हो. मध्यरात्री उठून माझं नाक धरून हसते, तेव्हा जगातल्या सगळ्या झोपा ओवाळून टाकाव्याशा वाटतात. पण ओवाळून टाकायला आधी हातात थोडी तरी हवी ना!

त्यात माझी रजा संपत आली होती. सहलीहून आलं की लगेच शाळेत रुजू व्हायचं होतं. पाचवीच्या वर्गासमोर खडू हातात धरून मी उभ्याउभ्या घोरतेय, अशी स्वप्नं पडायला लागली होती. (स्वप्नं पडण्याइतकी झोप कधी लागली, ते मात्र विचारू नका.) त्याआधी मला एकच गोष्ट हवी होती. कुणीही न उठवता, आपली आपण जाग यावी. एकदाच! आपणहून डोळे उघडावेत, छताकडे बघावं, आणि 'किती वाजले असतील बरं?' असा निवांत प्रश्न पडावा.

शोधशोध शोधला आणि मळा सापडला. अक्कलकोटच्या पुढे, पार कर्नाटकच्या हद्दीला चिकटून. चिंचेची झाडं, विहीर, दोन खोल्या, सभोवती ज्वारी. फोनवर मळ्याच्या मालकांचा मुलगा ईरप्पा बोलला.

"मॅडम, काय बी टेन्शन घेऊ नका. हितं आलं की माणूस झोपतंयच."

"कुणी उठवणार नाही ना?"

"कोन उटवतंय मॅडम? कोंबडा बी आमचा म्हातारा झालाय."

मी तिथल्या तिथं मळा पक्का केला.

मळ्यावर पोचलो तर ईरप्पा नव्हता. चुलतभावाच्या लग्नाला गेला होता, दुसऱ्या दिवशी येणार होता. होते त्याचे वडील वीरभद्रप्पा आणि आई शिवम्मा. दोघांचीही भाषा कन्नड. मराठी त्यांना जेमतेम कळायचं, आणि बोलायला दहा-वीस शब्द. मी बार्शीकडची, मला कन्नड अजिबात येत नाही. आमच्या ह्यांना मात्र येतं. (घरात 'अरे', परगावी 'अहो' हा आमचा नियम आहे.) सोलापुरात वाढलेला माणूस, शेजारपाजार सगळा कन्नड-तेलुगू. त्याला कुठली भाषा कधी कानावर पडली, हेसुद्धा लक्षात येत नाही.

पण झोपायला भाषा कशाला लागते? खोलीत गेले. स्वच्छ गादी, खिडकीतून ज्वारीची सळसळ. रुंजीला पाजलं, ती झोपली. मी हळूच आडवी झाले. पापण्या अशा जड झाल्या, जशी ओली सतरंजी! आणि तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला,

"उटा! उटा!"

मी ताडकन उठून बसले! दारात शिवम्मा. कपाळावर विभूतीचे पट्टे, चेहऱ्यावर हसू, हातात ताट. भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी. खेड्यात 'उठा'ला 'उटा' म्हणतात हे मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, जेवायची वेळ आहे, उठवलं बिचारीनं. जेवले. वांगी अशी, की मसाला बोटांवरून पुसायचं जिवावर यावं! पुन्हा आडवी झाले.

थोड्या वेळानं, "उटा, यव्वा, उटा!"

पुन्हा उठले. ताटलीत हुरडा.

मग आमचे हे विहिरीवरून आले, तोवर तिसऱ्यांदा तेच झालं होतं. मी डोक्यावर उशी घेऊन पडले होते.

"अगं, ऐकू येईना का तुला? उटा म्हणतायत त्या," हे म्हणाले.

"ऐकलं मी! मला नाही उठायचं!"

"अगं, म्हातारी एवढं मायेनं म्हणतीय..."

"मायेनं?! ही कसली माया? मी पडले रे पडले की हजर!"

"तूपण ना! घरी कोण विचारतंय का तुला असं?"

"नाही विचारत! घरी निदान रुंजीच उठवते, परकी माणसं नाही!"

त्यांना माझं बोलणं कळलं नाही, मला त्यांचं. लग्नाला तीन-चार वर्षं झाली की असं होतंच, म्हणून दोघांनीही सोडून दिलं. ताट मात्र त्यांनी संपवलं.

मी विचार करू लागले. माझ्या लक्षात आलं ते असं. शिवम्मांना दिवसाढवळ्या लोळणारी बाई बघवत नसणार! आमच्या बार्शीच्या मोठ्या काकू अशाच होत्या. सून दुपारी आडवी झालेली दिसली की भांडी आपटायच्या. शिवम्मा भांडी आपटत नव्हत्या एवढाच फरक. त्या आधी उठवायच्या आणि लगेच हातात ताट द्यायच्या, म्हणजे समोरच्या बाईला तक्रार करायची सोयच नाही! केवढं राजकारण!

ठीक आहे, म्हटलं. बाईला काम करणारी सून हवीय ना? दाखवते! मी ओट्यावर जाऊन शेंगा फोडायला बसले. शिवम्मांनी पाहिलं आणि तोंडावर हातच ठेवला. धावत आत गेल्या, आल्या त्या वाटीभर खीर घेऊन. "उटा, उटा!" मी बसलेली होते, तरी उठवत होत्या! म्हणजे बसून करायचं काम त्यांच्या हिशेबात कामच नाही! मग मी उभी राहिले. अंगण झाडलं. दूध-पोळी आली. म्हशीला पाणी दाखवलं. शेंगदाण्याचा लाडू आला. मी जितकी राबत होते, तितकं ताट भरत होतं. आणि ताट जितकं भरत होतं, तितकी मी चिडून राबत होते! संध्याकाळपर्यंत त्या मळ्यात एक काडी इकडची तिकडे राहिली नव्हती, आणि मला वाकता येत नव्हतं. कामानं नव्हे, खाऊन!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी ठरवलं, आज ही संधी बाईंना द्यायचीच नाही. त्यांनी उठवायच्या आधी आपणच उठायचं! केस बांधले, केरसुणी घेतली आणि त्यांच्या दारासमोर सपासप अंगण झाडायला लागले. शिवम्मा डोळे चोळत बाहेर आल्या. त्यांचं तोंड उघडलं, आणि आता त्या तोच शब्द म्हणणार, एवढ्यात मी हात वर करून ओरडले,

"उठले! उठले हो मी! उठले!"

शिवम्मा पांढऱ्याफटक पडल्या. "अय्यो शिवा!" म्हणत त्या स्वयंपाकघरात धावल्या, चूल पेटवली, आणि वीरभद्रप्पांना अशी हाक दिली की म्हाताऱ्या कोंबड्यानंही घाबरून बांग दिली. वीरभद्रप्पा दुधाची चरवी घेऊन गोठ्याकडे पळाले. मी केरसुणी घेऊन तशीच उभी. उठल्याचं कुणाला एवढं कौतुक असतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं!

न्याहारीच्या वेळेला ईरप्पा लग्नाहून परतला. त्याला गाडीवरून उतरूही न देता आईनं गाठलं. कन्नडचा नुसता धबधबा! मधेच माझ्याकडे बोट, मधेच डोळ्याला पदर. ईरप्पाचा चेहरा गंभीर होत गेला. मग तो आमच्या ह्यांच्याजवळ आला आणि खाली मान घालून हळूच म्हणाला,

"साहेब, राग मानू नका. घरची गोष्ट हाय. पन ताईंना घरी पोटभर जेवायला मिळतंय न्हवं?"

आमचे हे आ वासून! "काय?"

"आई म्हनती, पोरगी लई उपाशी हाय. ऊटा म्हनलं की झोपेतनं बी ताडकन उटून बसती. फुकट नको म्हनून अंगन झाडती, म्हशीला पानी पाजती. आन आज तर उजाडायच्या आत दारात उबी राहून वरडायला लागली, 'ऊट एल्ली, ऊट एल्ली!'"

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी जेवन कुटं हाय, जेवन कुटं हाय!"

मी मटकन ओट्यावर बसले. "ऊटा म्हणजे... जेवण?"

"व्हय की! कन्नडात ऊटा म्हंजी जेवन."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत नव्हतं?" तो म्हणाला. परगावचा 'अहो' माझ्या तोंडातून गळून पडला. "अरे, मला कसं माहीत असणार? तू सांगितलंस का कधी?"

"अगं, ऊटा कुणाला सांगावं लागतंय होय!"

मग जे हसू फुटलं! वीरभद्रप्पा खांबाला धरून हसत होते. ईरप्पा आईला समजावून सांगता सांगता दोनदा खाली बसला. रुंजीला काहीच कळलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यात जोरात हसत होती.

शिवम्मा मात्र हसता हसता थांबल्या. त्यांनी लेकाला काहीतरी विचारलं.

"आई विचारती, मग ताईंना पायजे काय होतं?"

"झोप," मी म्हणाले.

ईरप्पानं कन्नडमध्ये सांगितलं. शिवम्मा माझ्याजवळ येऊन बसल्या. मग सावकाश काही बोलल्या. "आई म्हनती, हा जन्मला तवा तिला बी कुनी झोपू दिलं न्हवतं. 'हा' म्हंजी मी," ईरप्पा लाजून म्हणाला.

दुपारी त्यांनी चिंचेच्या फांदीला स्वतःच्या मऊ लुगड्याची झोळी बांधली. रुंजीला माझ्याकडून घेतलं. वीरभद्रप्पांना विहिरीवरची मोटार बंद करायला लावली. कुत्र्याला दटावलं. माझ्या नवऱ्याला बोटानं शेताची वाट दाखवली, तो मुकाट्यानं गेला. मग मला खांद्याला धरून खोलीत नेलं, गादीवर बसवलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "मल्को, यव्वा." याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. दार ओढून घेतलं.

काय शांतता होती! जिच्यासाठी एवढा अट्टहास केला, ती शांतता. मी डोळे मिटले. ज्वारी सळसळली. मी कूस बदलली. हाताशी नेहमीचं ते गरम, दुधाच्या वासाचं गाठोडं नव्हतं. रडली का? नाही, पाखरू होतं. आता? तेही पाखरूच. रडत का नाहीये ती? इतका वेळ ती कधी गप्प असते का? मी उशी उलटी केली. पाय भिंतीला लावले. आकडे मोजले, पाढे म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा झोपेनं माझ्यासाठी पायघड्या घातल्या होत्या, आणि मी टक्क जागी! जिला दूर ठेवल्याशिवाय झोप येणार नाही असं मला वाटत होतं, तिच्याशिवाय झोप येतच नव्हती.

शेवटी चोरासारखी दार उघडून बाहेर आले. झाडाखाली झोळीत रुंजी गाढ झोपली होती, मूठ गालाखाली घेऊन. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून शिवम्मा जमिनीवरच आडव्या झालेल्या, तोंड किंचित उघडं. बाजेवर वीरभद्रप्पा. पलीकडे बांधावर टोपी तोंडावर घेऊन आमचे हे. कुत्रंसुद्धा चारी पाय ताणून. सगळा मळा झोपला होता. जागी एकटी मीच, जी मुळात झोपायला आले होते!

मी शिवम्मांच्या अंगठ्याची दोरी अलगद सोडवली, आणि झोळी हलवत बसले. चिंचेची बारीक पानं दोघींच्याही अंगावर पडत होती. कितीतरी वर्षांत त्या बाईंना दुपारी कुणी असं निजू दिलं असेल का, असं वाटत राहिलं. ती दुपार मला अजून आठवते. इतकी निवांत मी त्याआधी कधी बसले नव्हते.

ऊन कलल्यावर शिवम्मा दचकून जाग्या झाल्या. मोकळा अंगठा पाहिला, मला पाहिलं. मग दोन्ही तळवे गालाशी जोडून डोळे मिटले आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. झोप झाली का?

"झाली, अव्वा," मी सांगितलं. "लई झाली."

त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

निघताना ईरप्पानं फोन पुढे केला. "मॅडम, आमच्या मळ्याबद्दल दोन शब्द लिवा की. विश्रांतीचं खास लिवा, म्हंजी अजून लोक येतील."

मी रुंजीला एका हातानं सावरत, जांभई आवरत बराच विचार केला. खोटं एकदा बोलून झालं होतं, पुन्हा लेखी नको. म्हणून लिहिलं, "जेवण उत्तम."