गंगूमावशीचा चतकोर

गंगूमावशी जेवायला बसली की आधी भाकरीचा चतकोर मोडायची, फडक्यात बांधायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "एवढी भूक मना कायद्यानं दिलेली नाय!"

मावशी चिखलोलीची. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात पेट्या भरायची. समोर बसणारा धोंडू तेवढ्याच पेट्या भरायचा, पण मजुरी त्याला जास्त. किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा युनियनची पत्रकं लिहिणाऱ्या मी छाती फुगवून सांगितलं होतं, आता हा अन्याय संपला. मग फाटकावर नव्या दरांचा कागद लागला. त्यात दोन रकाने होते, पुरुष आणि स्त्री. अन्यायावर आता शिक्काही बसला होता.

"बायांचं कमी का रं, कागदवाल्या?" मावशीनं विचारलं.

"बाईची भूक कमी धरलीय, मावशी. आणि घर पुरुषच चालवतो, असं धरलंय."

तिला वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ ती त्या कागदाकडे बघत राहिली. चतकोर सुरू झाला तो त्या दुपारपासून.

लेबर इन्स्पेक्टर आले तेव्हा तिनं ते फडकं त्यांच्या टेबलावरच सोडलं.

"सायेब, माझ्या भुकेतनं उरलंय. जमा करून घ्या."

साहेब हसले. "बाई, नवरा कमावतो ना?"

"मेला तो. त्याचं पोट माझ्या नावावर लिवा."

सगळे हसले, धोंडूसुद्धा. साहेबांनी फडकं बोटानं मागे सरकवलं. दर तसाच राहिला.

मी जळजळीत पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिला वाचून दाखवायला निघालो. मावशी फाटकाबाहेर चिंचेखाली बसली होती. शेजारी पार्वती. बाळंतपणाचे पैसे कायद्यानं द्यावे लागतात, म्हणून दिवस गेल्याचं कळताच मुकादमानं तिला महिन्याभरापूर्वी घरी बसवलं होतं. मावशीनं फडकं सोडून तिच्यापुढे धरलं.

"खा गं. तुला तर दोन पोटं हायत."

मग मला पाहून म्हणाली, "हिचं नाव छापू नको रं. मुकादम परत घेईल येखाद येळ."

आणि नळावर जाऊन ओंजळी भरभरून पाणी प्यायली. महिनाभर मी ज्याला मावशीचं नाटक समजत होतो, ती तिची खरीखुरी उपासमार होती.

मी पत्रकाची घडी खिशात घातली, डबा उघडला आणि माझी भाकरी तिच्या हातावर ठेवली.

"गप खा, मावशी."

तिनं आधी चतकोर मोडला, पार्वतीच्या ओटीत टाकला आणि मग पहिला घास घेतला.