कमलिनीबाईंना मुंबईला न्यायचे आहे

वैजयंतीने रजेच्या अर्जात हिंदीत कारण लिहिलं, ‘माताजी को मुंबई ले जाना है।’ ‘घुमाने’, म्हणजे फिरवायला, हा एक शब्द तिने संकोचाने गाळला.

वडिलांच्या जागी कारखान्यात नोकरीला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. ते गेल्यापासून कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये रेडिओ लागला नव्हता. आई, कमलिनीबाई, दिवसभर पडदे ओढून पलंगावर बसून असत. वैजयंतीने महिनाभर मनधरणी केली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “बरं, चार दिवस समुद्र बघून येऊ. पण कुणाला सांगू नकोस. लोक म्हणतील, नवरा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि ही निघाली मजा करायला.”

तिच्या ऑफिसातले हेडक्लार्क, बडे बाबू मिश्राजी, यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. “माताजी को मालूम है?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“जी. बड़ी मुश्किल से मानी हैं।”

“और किसी को बताया?”

“नहीं सर, माँ ने मना किया है।”

मिश्राजींनी ताबडतोब सही केली. वसाहतीतली माणसं आईवडिलांना घेऊन मुंबईला जात ती एकाच कामासाठी, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात. काही परत येत, डोक्याला रुमाल बांधून. काही येत नसत.

संध्याकाळी शेजारच्या क्वार्टरमधल्या रत्नप्रभाबाई मऊ खिचडीचा डबा घेऊन आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या. त्यांच्यामागून आणखी चौघीजणी आल्या आणि भिंतीला टेकून गप्प बसल्या. दीड वर्षापूर्वी त्याच ओळीने बसल्या होत्या.

कमलिनीबाईंना वाटलं, सहलीची बातमी फुटली. त्या ओशाळून म्हणाल्या, “माझी इच्छा नव्हती हो. वैजू ऐकतच नाही.”

“असं मन नका लहान करू जी,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “आजकाल औषधं लई चांगली निघाली आहेत.”

“कितवी स्टेज आहे?” कोपऱ्यातल्या एकीने विचारलं, आणि बाकीच्यांनी तिला गप्प केलं.

बायका गेल्यावर वैजयंती कपाळाला हात लावून म्हणाली, “आई, मी उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकते.”

“काय सांगशील? आजारी नाही, भेळ खायला चाललीय?”

“मग काय करायचं?”

“परवा सांगू,” कमलिनीबाई म्हणाल्या.

त्या ‘परवा’ला मिश्राजींनी कमलिनीबाईंसाठी सुंदरकांड ठेवलं. वीस माणसं त्यांच्या नावाने तीन तास पठणाला बसली. त्यानंतर सांगण्याची सोयच उरली नाही. रोज कुणी दुधीची भाजी आणी, कुणी मुगाचं पाणी. कुणी हातात हात घेऊन नुसतं बसून राही. नवरा गेल्यावर तेराव्यानंतर जी माणसं फिरकली नव्हती, तीसुद्धा आली. कमलिनीबाईंना भरून येई, आणि त्यांचे डोळे भरलेले पाहून समोरचा अधिकच रडे.

आठवडाभर मिठाशिवायचं खाऊन त्यांना खरोखरच जिना चढवेना. एकदा त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“वैजू, इतके लोक म्हणताहेत. मला खरंच काही झालं नसेल ना गं?”

“आई, तूसुद्धा?” म्हणता म्हणता वैजयंतीनेच आईच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. आता तिला हे एकच माणूस उरलं होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी रत्नप्रभाबाईंचे यजमान विनायकराव आले. “मुंबईसारख्या शहरात तुम्ही दोघीच कशा निभावणार? मी हिचंही तिकीट काढलंय. ही रात्रंदिवस उशाशी बसेल.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. चार दिवस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून काढायचे, एवढंच आता हाती होतं.

हबीबगंज स्टेशनवर विनायकरावांनी चाकाची खुर्ची आणून ठेवली होती. कमलिनीबाई मुकाट्याने तिच्यात बसल्या. गाडी हलली तेव्हा फलाटावर मिश्राजी रुमालाने डोळे टिपत होते.

इटारसी आलं. गाडी थांबताच रत्नप्रभाबाई खाली उतरल्या आणि गरम समोसे घेऊन आल्या.

“घ्या जी. खिचडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली असेल.”

कमलिनीबाईंना राहवेना. “रत्नप्रभाबाई, मला क्षमा करा. मला काहीही झालेलं नाही.”

“मले माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. आपल्या दोन्ही क्वार्टरची भिंत एकच. तुम्ही मायलेकी समुद्र बघायचं बोलत होत्या, ते सारं ऐकू येत होतं.”

“मग बोलला का नाहीत, मावशी?” वैजयंती जवळजवळ ओरडलीच.

रत्नप्रभाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. “लग्नाला सत्तावीस वर्षं झाली पोरी. नागपूर सोडून यांनी कुठं पाठवलं नाही मले. फिरायला जाते म्हटलं असतं तर घरात आठ दिवस धुसफूस झाली असती. आजाऱ्याच्या सेवेला जाते म्हटलं, तर स्वतः लाइनीत उभं राहून रिझर्वेशन करून आणलं.”

कमलिनीबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्या हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. आईचं हे हसू वैजयंतीने दीड वर्षात ऐकलं नव्हतं. तिने पटकन तोंड वळवलं.

गाडी सुटल्यावर कमलिनीबाईंना एकदम धास्ती वाटली. “अहो, पण परत गेल्यावर सगळ्यांना काय सांगायचं?”

“सांगू की,” रत्नप्रभाबाई दुसरा समोसा उचलत म्हणाल्या, “डॉक्टरांनी दर वर्षी दाखवायला बोलावलं आहे.”