नानांची अरण्यातली जर्मन

सकाळी भाजीवाली मावशी दारात आली, की आमच्या शेजारचे खैरनार नाना जर्मनमध्ये तिला काहीतरी ठणकावून विचारत. मग तिच्या सोयीसाठी त्याचं मराठीही करून सांगत, "हे घनदाट अरण्यातून आलेल्या वृद्धे, तुझ्या टोपलीत काय आहे?"

मावशी शहराला लागूनच असलेल्या मखमलाबादची. "मेथी हाय नाना. घ्यायची तं घ्या, नाय तं चालले परत अरण्यात."

नाना सातपूरच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि एकुलती एक मुलगी सुनंदा जर्मनीत. तिची मुलगी मीरा फक्त जर्मन बोलायची. नानांनी फोनवर "बाळा, जेवलीस का?" विचारलं, की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. साठीनंतर जर्मन शिकायचा घाट घातला तो एवढ्यासाठी.

कॉलेज रोडच्या क्लासला ते एकच दिवस गेले. पहिला धडा रेल्वे स्टेशनचा निघाला. "मला नातीशी बोलायचंय. ती काय मला तिकीट काढून देणार आहे?" असं बाईंना सुनावून ते घरी आले आणि सुनंदाला फर्मान सोडलं, पोरीची वाचून झालेली पुस्तकं पाठव. पुस्तकं आली. सगळी जुन्या, नावाजलेल्या जर्मन लेखकांची. राजे, लाकूडतोडे, बोलणारे लांडगे. डिक्शनरी मांडीवर घेऊन नाना जे झोपाळ्यावर बसले, ते वर्षभर उठलेच नाहीत म्हणा ना!

व्हायचं तेच झालं. नानांना जर्मनमध्ये चेटकीण म्हणता यायचं, चमचा म्हणता यायचं नाही.

एका पुस्तकात लेखकाचं चित्र होतं, छातीपर्यंत दाढी. वाचायला बसण्याआधी नाना त्याला हात जोडत. मावशीने ते पाहिलं. "कोणचं महाराज हे?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मेथीच्या जुडीबरोबर झेंडूचं एक फूल यायला लागलं.

मी म्हटलं, "नाना, सांगा की तिला खरं काय ते."

"का म्हणून? जन्मभर पोरांसाठी लिहिलं बिचाऱ्याने. कधी कोणी फूल वाहिलं असेल का त्याला?"

मग बातमी आली, सुनंदा मीराला घेऊन मे महिन्यात येतेय. स्वागताचं एक वाक्य घोटून घोटून पाठ करून नानांनी ते आधी सुनंदाला फोनवर म्हणून दाखवलं. ती हसत सुटली. "अहो नाना, असं आता कुणी बोलत नाही. मीरा हसेल तुम्हाला!"

फोन ठेवला तेव्हा नानांचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांनी पुस्तकं कपाटात टाकली. मला फार वाईट वाटलं.

मीरा आली आणि आईच्या मागे लपली. नानांनी तिला आंबा दिला, तिने घेतला. संवाद संपला! दोन दिवस घरात हेच. एवढी मेहनत केलेला माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली आणि सवयीने नानांच्या तोंडून गोष्टीतलं ते अरण्याचं वाक्य जर्मनमध्ये सुटलं. सुटलं आणि ते एकदम ओशाळले. सुनंदाकडे चोरून बघायला लागले.

तेवढ्यात मीरा आईमागून बाहेर आली. टोपलीपाशी गेली, ओठांवर बोट ठेवलं आणि जर्मनमध्ये गंभीरपणे काहीतरी म्हणाली.

"काय म्हनली पोर?" मावशीने विचारलं.

"टोपलीत राजा झोपलाय," नानांनी मराठी करून सांगितलं, "हळू बोल." त्याच गोष्टीतलं पुढचं वाक्य. पुस्तक तिचंच होतं ना, तिला तोंडपाठ होतं.

मावशी शहाणी बाई. टोपली अलगद खाली ठेवून ती कुजबुजली, "मेथी हाय."

पुढचे सगळे दिवस त्या घरात नुसतं अरण्य माजलं होतं. आजोबा लांडगा, नात राजा. सुनंदाला स्वयंपाकघरात जायचं तरी परवानगी लागायची.

सुट्टी संपली, दोघी परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीकडून टोमॅटो निवडून घेत होतो. नाना झोपाळ्यावर होते, पण त्यांनी काही विचारलं नाही. मावशीने थोडी वाट पाहिली. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "नाना, राजा निजलाय. हळू."

नाना उठले. मेथीची जुडी त्यांनी दोन्ही हातांनी, जपून उचलली आणि आत घेऊन गेले.

मेथी ते खात नाहीत. मावशीला हे पहिल्यापासून माहीत होतं.