दत्तूआबांची लाठी

आमचे शेजारी दत्तूआबा माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी पाय. बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधी मी शेवगावला कारकून म्हणून बदलून आलो, तेव्हा मी टेम्पोतून सामान उतरवत असतानाच माझ्या पायांकडे बघून ते म्हणाले, "सायेब, तुमी उबं ऱ्हात न्हाई. नुसते टेकता."

आबा एकटेच राहायचे. जमीन भावाला वाट्याने दिलेली, आणि स्वतः सकाळ-संध्याकाळ अंगणात लाठी शिकवायचे. माझी पाठ दुखायची, म्हणून मीही गेलो. वाटलं, लाठी मिळेल, मिळाला खराटा. पाठ ताठ ठेवून अंगण झाडायचं. मग नुसता श्वास. मग नुसतं चालणं. मध्येच कुणाला शिवी दिली की पुन्हा खराटा. लाठी कधी देणार असं विचारलं तर म्हणायचे, "घाई कशाला? ती काय पळून जाती?" बाकीचे कंटाळून गळत गेले. माझी पाठ दुखायची थांबली, म्हणून मी टिकलो. दुसऱ्या वर्षी एकदाची लाठी हातात आली.

त्याच वर्षी जत्रेत नेवाशाचा एक तरणा गडी लाठी गरगरा फिरवत मैदानात उतरला आणि शेवगावात कुणी आहे का, असं विचारू लागला. आबांनी मला पुढे ढकललं. गडी वाऱ्यासारखा आला. मी बाजूला सरकलो. पुन्हा आला, पुन्हा सरकलो. हलगी कडाडू लागली, लोक बाकांवर चढले. शेवटी त्याचाच तोल गेला, तो पडला, आणि माझी लाठी त्याच्या मानेपाशी जाऊन आपोआप थांबली. मला कळायच्या आत मी लोकांच्या खांद्यावर होतो! वरून पाहिलं, तर आबा त्या गड्याचा मुरगळलेला पाय चोळत बसले होते.

घरी येताना माझी बडबड थांबेना. आबांच्या ओट्यावर टेकलो तेव्हा ते म्हणाले, "आता तुमी येनार न्हाई."

मी का म्हणून विचारलं.

"शिकलं की मानूस येत न्हाई. म्हनून तर मी हळू शिकिवतो."

आत भिंतीवर जुना दांडपट्टा टांगलेला दिसत होता. तो कधी शिकवणार, असं मी विचारलं.

आबा जरा ओशाळले. "त्यो मलाबी नीट येत न्हाई, सायेब."

"मग तर बरीच वर्षं लागतील," मी म्हणालो.

आबा उठून आत गेले आणि परातीत दोघांच्या भाकरीपुरतं पीठ घेतलं.