फादर वर्कींचा ‘बे’

फादर वर्की तहसीलदारांना ‘बे’ म्हणाले तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "काऊन बे सायेब," फादर अगदी प्रेमानं विचारत होते, "आमच्या गावाले रस्ता काऊन नाही?" तहसीलदार माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघत राहिलो.

आमचं गाव जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. एसटी अलीकडच्या नाल्यापर्यंतच येते. मी इथला शाळामास्तर, मूळचा अमडापूरचा, दर वर्षी न चुकता बदलीचा अर्ज भरणारा. फादर माझे शेजारी. केरळातून आले, त्याला दहा वर्षं झाली. मिशनचा छोटा दवाखाना चालवतात आणि त्याला लागून एका खोलीचं चर्च. आले तेव्हा काही लोकांनी हटकलं होतं, की किती जणांना बाटवणार? परवा त्यातल्याच एकानं विचारलं, किती झाले? फादर म्हणाले, "एकच बे. मी. पुरा वऱ्हाडी झालो."

हा माणूस दिवसभर नुसता पळत असतो. सकाळी हापशीवर नंबर, मग नाल्यापलीकडून औषधांची पेटी डोक्यावर आणायची, मग रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायचं, तेवढ्यात कुणाला ताप, कुणाला विंचू. मोटारसायकल चालू होईना, की तिला "चाल ना बे". दवाखान्यात साप निघाला, की त्याला "निंघ बे", आणि साप ऐकतो. प्रार्थनेच्या मधोमध लाइट गेली, की वर बघून "काऊन बे प्रभू?"

चहासुद्धा उभ्यानं. माझ्या ओट्यावर मी त्यांना कधी टेकलेलं पाहिलं नाही. बसा म्हटलं, की "हो हो" म्हणत कप घेऊन अंगणात येरझारा. तो कप दुसऱ्या दिवशी भलत्याच्याच घरी सापडतो.

ते बसायचे फक्त गणपत बुढ्याच्या बांधावर. बुढा वांगी-मिरच्या लावायचा, आणि त्यानंच फादरांना आमची भाषा शिकवली. गेल्या दिवाळीआधी बुढा वारला. तेव्हापासून फादरांची पळापळ दुप्पट झाली.

गेल्या महिन्यात मिशनचे मोठे फादर पाहणीला आले. आमच्या फादरांचा उतरलेला चेहरा बघून म्हणाले, पुरे झालं, आता केरळात परत या, पत्रानं कळवा. इथं दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. म्हणजे फादर गेले, की दवाखान्याला कुलूप. गावाचं तोंड एवढंसं झालं. मला तर रागच आला. आपण स्वतः दर वर्षी अर्ज भरतो, हे त्या रागात आठवलं नाही.

काल संध्याकाळी फादर माझ्या अंगणात आले. येरझारा चालूच. काय ठरवलं, मी विचारलं. ‘येतो’ असं लिहिलेलं पत्र खिशात होतं, उद्या टाकायचं होतं. मी चिडलोच. म्हटलं, जाताच आहात तर एक ऐकून जा. ‘बे’ बरोबरीच्या दोस्ताला म्हणतात, मोठ्या माणसाला नाही. सगळ्यांचा अपमान करताय तुम्ही.

फादर थांबले.

"मले माहीत हाय, सर," ते म्हणाले. "पहिल्याच महिन्यात समजलं."

मग म्हणता कशाला?

"गणपत मले म्हणे, ए वर्की, बस ना बे. बाकी समदे फादर म्हणतात, हात जोडतात. बुढा गेला, आता मले ‘बे’ म्हणणारं कोणी नाही. म्हणून मीच समद्यायले म्हणून राह्यलो. वाटते, एखादा तरी वापस म्हणन."

आणि पुन्हा चालायला लागले. मला स्वतःची लाज वाटली. दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण या माणसाला मी कधी नावानं हाक मारली नव्हती. चहा घेऊन बाहेर आलो. अमडापुरात लहानपणी हजारदा वापरलेला शब्द, पण मास्तराच्या तोंडून निघेना. निघाला तो असा अर्धामुर्धा.

"बसा ना बे, फादर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आले आणि ओट्यावर बसले. सगळा चहा बसून प्याले. मग खिशातलं पत्र काढलं, उलटं केलं, माझा पेन मागितला आणि कोऱ्या बाजूवर रस्त्याचा अर्ज लिहायला घेतला.

"उद्या तहसीलात जाऊ," मान वर न करता ते म्हणाले. "येशीन ना बे?"

"हाव बे," मी म्हणालो.